एलियुड किपचोगे: कोल्हापुरातल्या पळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पहाटे विद्यापीठाच्या आवारात माझ्याबरोबर मुलींचा एक गट पळतो, आणि रविवारी आम्ही रंकाळ्यावर असतो. माझ्या मोबाईलच्या कव्हरमध्ये एलियुड किपचोगेचा एक छोटा फोटो आहे. तो बघून कोणीतरी विचारतं, "हा कोण?" आणि मग रंकाळ्याची एक फेरी त्याच्याबद्दल बोलण्यातच संपते. विचारणाऱ्यांत मुली असतात, त्यांचे पालक असतात, फिरायला येणारे निवृत्त काका असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

हा किपचोगे म्हणजे नक्की कोण?

केनियाचा मॅरेथॉनपटू. जन्म ५ नोव्हेंबर १९८४, नंदी जिल्ह्यातल्या कापसिसिय्वा गावचा. ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण दोनदा जिंकलं: २०१६ ला रिओमध्ये आणि २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये. जागतिक विक्रम दोनदा केला, दोन्ही वेळा बर्लिनमध्ये. २०१८ ला २ तास १ मिनिट ३९ सेकंद आणि २०२२ ला २ तास १ मिनिट ९ सेकंद. मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत कापणारा पहिला माणूस तोच, पण त्या धावेची गोष्ट वेगळी आहे, ती पुढं येईल.

२०१३ ते २०२२ या दहा वर्षांत तो १७ मॅरेथॉन पळाला आणि त्यातल्या १५ जिंकला. मॅरेथॉन ही खरं तर बेभरवशाची शर्यत. ऊन, वारा, पोट, एक चुकलेला घोट, कशानंही दिवस वाया जातो. तरी २०१४ ते २०१९ मध्ये त्यानं सलग दहा जिंकल्या. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर हा गडी सहा वर्षं कुणाकडून चितपट झाला नाही.

नावाचा अर्थ काय?

त्यांच्या कालेंजिन भाषेत "किप" हे मुलग्याच्या नावाआधी लागतं. किपचोगे म्हणजे धान्याच्या कोठाराजवळ जन्मलेला. आमच्या गटातल्या एका आजींनी लगेच मराठी केलं, "म्हणजे कणगीपाशी झालेला." याहून चांगलं भाषांतर मला सुचत नाही.

तो शाळेत पळत जायचा म्हणतात. लहानपण फार गरिबीत गेलं का?

शाळा घरापासून साधारण तीन किलोमीटरवर होती आणि तो पळत जायचा हे खरं. पण त्या भागात बहुतेक मुलं तेच करतात, त्यामुळे त्यावर सगळं श्रेय टाकू नये. आपल्याकडे राधानगरी, गगनबावड्याच्या वाड्यांतली पोरंही डोंगर उतरून शाळेत येतात.

वडील फार लवकर गेले. त्याला ते फक्त फोटोतून माहीत. चार भावंडांत हा धाकटा, आणि आई शिक्षिका. तिनं एकटीनं सगळ्यांना वाढवलं. शाळा संपल्यावर किपचोगे शेजारपाजारच्या घरांतून दूध गोळा करायचा आणि सायकलवरून बाजारात नेऊन विकायचा. ही गोष्ट मी मुलींना सांगते तेव्हा वर्गात कुणालाच ती परकी वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संकलन केंद्रावर पहाटे किटली घेऊन उभं राहिलेलं पोर प्रत्येक गावात आहे. माझ्या गटातली एक मुलगी आजही सकाळी डेअरीला दूध घालून मगच पळायला येते. हँडलला किटली अडकवल्याचा गोल वण तिच्या सायकलवर पडलाय.

त्याचा वस्ताद कोण?

हा प्रश्न "कोच कोण?" असा कधीच येत नाही, वस्ताद कोण असाच येतो. आणि मला तो शब्द इथं जास्त बरोबर वाटतो.

पॅट्रिक सँग. त्यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य जिंकलं होतं. निवृत्तीनंतर ते आपल्याच भागात परतले. २००१ च्या सुमारास, किपचोगे सोळा वर्षांचा असताना, तो त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला सराव लिहून द्या. त्यांनी दोन आठवड्यांचा दिला. दोन आठवड्यांनी पोरगा पुन्हा हजर, पुढचा द्या. असं कितीतरी वेळा झालं. एके दिवशी सँग यांनी नाव विचारलं, तेव्हा कळलं की हा त्यांच्याच बालवाडीच्या बाईंचा मुलगा! लहानपणी सँग यांना त्याच्या आईनं शिकवलं होतं.

मला या गोष्टीतलं दोन आठवड्यांनी परत येणं महत्त्वाचं वाटतं. सराव मागायला माझ्याकडेही पुष्कळ जण येतात. जानेवारीत तर रांग लागते. दिलेला सराव पुरा करून दुसऱ्यांदा मागायला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

आणि त्यानंतर किपचोगेनं वस्ताद बदलला नाही. विश्वविजेता झाला, पैसा आला, जगभरातून बोलावणी आली, तरी वीस वर्षांहून जास्त काळ सराव त्याच माणसाच्या हाताखाली. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतल्या जुन्या पैलवानांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तो पहिल्यापासून मॅरेथॉनच पळायचा का?

नाही, आणि हे प्रत्येक पालकानं वाचावं असं मला वाटतं. तो ट्रॅकवरचा, ५००० मीटरचा धावपटू होता. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत १८ वर्षांच्या किपचोगेनं ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. वेळ १२ मिनिटं ५२.७९ सेकंद. मागं कोण होतं? मोरोक्कोचा हिशाम अल गरूज आणि इथिओपियाचा केनेनिसा बेकेले, त्या काळातले दोन सगळ्यांत मोठे. अल गरूज चार शतांश सेकंदांनी मागं राहिला. चार शतांश म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

पुढं २००४ ला अथेन्सला कांस्य, २००८ ला बीजिंगला रौप्य. नंतर ट्रॅकवर गाडी हळूहळू मागं पडली. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकसाठी केनियाच्या संघातच त्याची निवड झाली नाही. वय २७. आपल्याकडे या वयाला लोक खेळाडूला नोकरी बघ म्हणतात.

त्यानं रस्ता धरला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लील इथं पहिली अर्धमॅरेथॉन ५९ मिनिटं २५ सेकंदांत, आणि एप्रिल २०१३ मध्ये हॅम्बर्गला पहिली पूर्ण मॅरेथॉन, २ तास ५ मिनिटं ३० सेकंद, पहिला नंबर. म्हणजे आज जग त्याला ज्यासाठी ओळखतं ते सगळं नाकारलं गेल्यानंतरचं आहे.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरच का?

१९०८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी राजवाड्यापासून स्टेडियमपर्यंत आखलेलं ते अंतर. १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. अंदाज हवा असेल तर कोल्हापुरातून पन्हाळा गाठून परत या आणि वर थोडं पळा.

दोन तासांच्या आत कधी पळाला? तुम्ही बघितलं होतं का?

१२ ऑक्टोबर २०१९, व्हिएन्ना. १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. हो, बघितलं होतं, आणि ते कुठं बसून बघितलं हे मी विसरू शकत नाही.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर गाळ काढला, भिजलेल्या गाद्या टाकल्या, माझी जुनी प्रमाणपत्रं दोरीवर वाळत घातली. त्यांतली निम्मी शाई गेली. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. रंग द्यायला भिंती अजून सुकल्या नव्हत्या आणि खोलीला ओलीचा वास होता. तो शनिवार. व्हिएन्नात सकाळचे सव्वाआठ म्हणजे आपल्याकडे पावणेबारा. मी, माझी दोन मुलं आणि गटातल्या पाच मुली, असे आठ जण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकवलेल्या एका मोबाईलसमोर बसलो होतो.

प्राटर नावाच्या बागेतला सरळ, झाडांचा रस्ता. पुढं एक विजेची गाडी, ती रस्त्यावर हिरव्या रेषा टाकत होती. त्या रेषांवरून वेगाचा अंदाज यायचा. त्याच्याभोवती सात साथीदार: पाच पुढं बाणाच्या आकारात, दोन मागं, वारा अडवायला. हे साथीदार टप्प्याटप्प्यानं बदलत होते, एकूण ४१ जण. त्यांच्यात ऑलिम्पिक पदकविजेतेही होते. एकानं दुसऱ्यासाठी वारा खायचा, हे त्यांनी आनंदानं केलं.

शेवटच्या टप्प्यात साथीदार बाजूला झाले आणि तो एकटा पुढं निघाला. छातीवर हात आपटत, लोकांकडे बोट दाखवत आला. शेवटच्या रेषेजवळ त्याची बायको ग्रेस उभी होती. तिनं त्याची शर्यत प्रत्यक्ष पाहण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या खोलीत कोणी ओरडलं नाही. एक मुलगी उठली आणि ओल्या भिंतीवर बोटानं १:५९:४० असं लिहिलं. रंग देताना मी तेवढा तुकडा शेवटपर्यंत ठेवला होता.

त्याआधी २०१७ च्या मे महिन्यात इटलीत मोंझाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर त्यानं हाच प्रयत्न केला होता. तेव्हा २ तास २५ सेकंद लागले. एवढ्या थोडक्यात हुकल्यावर अडीच वर्षं पुन्हा तीच तयारी करणं हे मला व्हिएन्नाच्या दोन तासांपेक्षा अवघड वाटतं.

मग तो जागतिक विक्रम का नाही?

कारण ती शर्यत नव्हती. विक्रमासाठी स्पर्धा सगळ्यांना खुली हवी, वेग देणारे साथीदार सुरुवातीपासून पळत असावे लागतात, मधूनच ताजे आत येऊन चालत नाहीत, आणि पेय नेमलेल्या ठिकाणीच घ्यावं लागतं. व्हिएन्नात बाटली सायकलवरून हातात दिली जात होती. यात फसवणूक काही नाही, सगळं आधीच जाहीर होतं. माणसाच्या शरीराला हे जमतं का, एवढाच प्रश्न होता.

मला स्वतःला विचाराल तर त्याची सगळ्यांत मोठी धाव २०१८ ची बर्लिन. शेवटचा साथीदार २५ किलोमीटरला थांबला. पुढचे १७ किलोमीटर तो एकटा, पुढं फक्त घड्याळ. आणि जुना विक्रम एकदम ७८ सेकंदांनी मोडला. मॅरेथॉनमध्ये विक्रम पाच-दहा सेकंदांनी मोडला तरी लोक वर्षभर बोलतात.

पण हा वेग म्हणजे नक्की किती?

व्हिएन्नात दर किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे १०० मीटर १७ सेकंदांत, आणि तसे ४२२ वेळा, न थांबता. आकडा ऐकून कळत नाही. म्हणून मी एकदा शाळेच्या मैदानावर प्रयोग केला.

फक्की मारून २०० मीटरचा ट्रॅक आखला. आठवी-नववीच्या ४० मुली दोन टोकांना वाटून उभ्या केल्या. प्रत्येकीनं जीव तोडून फक्त १०० मीटर पळायचं आणि बॅटन पुढचीला द्यायचं. सगळ्या मिळून ४ किलोमीटर. किपचोगेला एवढ्या अंतराला ११ मिनिटं २० सेकंद लागले असते. आमचं घड्याळ थांबलं तेव्हा १२ मिनिटं ९ सेकंद झाले होते. चाळीस ताज्या मुली, आणि तरी तो एकटा जवळजवळ तीनशे मीटर पुढं. त्यातली एक मुलगी धापा टाकत म्हणाली, "मॅडम, आणि त्याचे अजून अडतीस किलोमीटर राहिलेत?"

त्या दिवसानंतर त्या वर्गाला मला मॅरेथॉन समजावून सांगावी लागली नाही.

सगळी बुटांचीच कमाल आहे ना?

सगळी नाही, थोडी आहे. २०१७ पासून तळव्यात कार्बनची पट्टी आणि हलका, उसळी देणारा जाड फोम असलेले बूट आले आणि जगभरातल्या मॅरेथॉनच्या वेळा खाली आल्या. व्हिएन्नातले बूट तर तेव्हा बाजारात नव्हते. २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आणि आत एकच पट्टी चालेल असं ठरवलं.

पण २०१५ ची बर्लिन आठवा. त्या दिवशी दोन्ही बुटांतले आतले तळवे सुटून बाहेर आले आणि घोट्यापाशी फडफडत राहिले. छायाचित्रांत ते पानांसारखे दिसतात. तो थांबला नाही, वाकला नाही. २ तास ४ मिनिटांत पहिला आला. पालक जेव्हा विचारतात की पोरीला महागाचे बूट घेऊ का, तेव्हा मी हे सांगते. मापाचे घ्या, चांगले घ्या, कर्ज काढून घेऊ नका.

तो राहतो कसा? एवढा पैसा मिळाल्यावर बंगला, गाड्या असतील.

घर आहे, बायको-मुलं आहेत. पण मॅरेथॉनपटू म्हणून त्याची सारी वर्षं आठवड्याचे बहुतेक दिवस काप्टागाट नावाच्या ठिकाणच्या सराव कॅम्पमध्ये गेली, शनिवारी घरी आणि पुन्हा सोमवारी परत. साध्या खोल्या. विहिरीचं पाणी काढणं, आवार झाडणं, संडास घासणं ही कामं आळीपाळीनं सगळ्यांना, आणि त्याच्या पाळीला तोही करायचा. जागतिक विक्रम नावावर असताना तो संडास घासत होता.

तालमीत राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आखाडा सगळ्यांनी खणायचा, माती सगळ्यांनी मळायची, नावाजलेला पैलवान असो की कालचं पोर. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीचं खासबाग मैदान दिलं, पण पैलवान घडले ते गल्लोगल्लीच्या या तालमींत. काप्टागाट मला तशीच एक तालीम वाटते.

सराव आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या वर जायचा. मंगळवारी ट्रॅक, गुरुवारी ३० किंवा ४० किलोमीटरचा लांब पळ, शनिवारी कमी-जास्त वेगाचा फार्टलेक. बाकीचे दिवस सावकाश. त्यानंच सांगितलंय की कठीण दिवशीही तो ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर थांबतो आणि हलक्या दिवशी पन्नासवर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. रोज रंकाळ्यावर शर्यत! शेजारचा पुढं गेला की आपण सुटलोच. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. माझ्या पहिल्या मॅरेथॉनला पहिले वीस किलोमीटर फुशारकीनं पळाले आणि तेहतिसाव्याला पायांत सिमेंट भरल्यासारखं झालं. एका रसवंतीच्या बाकावर बसून मी रडले. उसाचा रस देणाऱ्या बाईंनी पैसे घेतले नाहीत.

आणि वही. २००३ पासून तो रोजचा सराव हातानं वहीत लिहितो. "माणसाला मर्यादा नाहीत" हे त्याचं वाक्य टी-शर्टवर छापलं जातं, पण माझं मन त्या वह्यांवर बसलंय. आमच्या गटात प्रत्येक मुलीकडे शंभर पानी वही आहे. परवा एकीची उघडली तर लिहिलं होतं: "३ किमी. पाय जड. आईला ताप, भाकऱ्या मी केल्या." यापेक्षा चांगली नोंद मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तिचा वेग का घसरला हे त्या एका ओळीत आहे.

खुराक काय?

बदाम, तूप, थंडाई असं काही ऐकायला मिळेल या आशेनं लोक विचारतात. उगाली हे मुख्य अन्न: मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. सीमेपलीकडे कर्नाटकात नाचणीच्या पिठाचे गोळे (रागी मुद्दे) करतात, तसंच हे. सोबत पालेभाजी, घेवडा, थोडं मांस, दूध, आणि भरपूर दुधाचा गोड चहा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पिणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तांबडा-पांढरा रस्सा शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र नको, हे माझं.

शर्यतीत तो साखरेचं पेय ठरावीक अंतरावर घेतो. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस-पस्तीस किलोमीटरला संपत येते, म्हणून भूक लागायच्या आधी पोटात गेलं पाहिजे. माझं रसवंतीचं प्रकरण त्यातूनच घडलं.

आम्ही पन्हाळ्यावर जाऊन सराव केला तर?

जरूर करा, चढामुळे पाय आणि दम दोन्ही तयार होतात. पण केनियातल्या उंचीचा फायदा तिथं मिळणार नाही. काप्टागाट समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरवर आहे. तिथं हवा विरळ, म्हणून शरीर रक्तात तांबड्या पेशी वाढवतं आणि स्नायूंना प्राणवायू जास्त पोचतो. पन्हाळा हजार मीटरच्या आतच आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे तेसुद्धा काप्टागाटच्या खालीच. पन्हाळ्याचा उपयोग चढ म्हणून करा, आणि उतरताना गुडघे सांभाळा.

एवढं पळून गुडघे झिजत नाहीत?

हौसेनं, नियमानं पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. एकदम अंतर वाढवलं, दुखत असताना रेटलं, की त्रास होतो. दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

शर्यतीत तो हसतो का?

दुखायला लागलं की हसतो. त्यानं स्वतःच सांगितलंय की हसल्यावर वेदनेवरचं लक्ष हटतं. समोरच्या धावपटूला वाटतं याला काहीच होत नाही.

तो कधी हरलाच नाही का?

हरला, आणि मला त्याचं हरणंही तितकंच बघण्यासारखं वाटतं.

२०१३ मध्ये बर्लिनला दुसरा आला, त्याच शर्यतीत विल्सन किपसांगनं जागतिक विक्रम केला. २०२० ला लंडनच्या थंडी-पावसात आठवा. कान बंद झाला होता. लोक म्हणाले, संपला. पुढच्याच वर्षी साप्पोरोच्या उकाड्यात (टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन तिथं झाली), जिथं शंभरावर धावपटूंतले तीस जण शर्यत पूर्ण करू शकले नाहीत, तिथं त्यानं ऑलिम्पिकचं दुसरं सुवर्ण जिंकलं. तारीख ८ ऑगस्ट २०२१. आदल्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्याचं सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी बुडाली. ऑलिम्पिक मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारे त्याच्याआधी दोघेच: इथिओपियाचा अबेबे बिकिला आणि पूर्व जर्मनीचा वाल्डेमार सिरपिन्स्की.

मग २०२३ ला बॉस्टनच्या चढांवर सहावा. त्याच सप्टेंबरमध्ये बर्लिन पाचव्यांदा जिंकली. आणि मग पॅरिस.

१० ऑगस्ट २०२४. कोल्हापूर तेव्हा आनंदात होतं. १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं होतं. त्या शनिवारी आम्ही शाळेतच मॅरेथॉन लावली. व्हर्सायच्या चढांवर किपचोगे मागं पडत गेला, पाठ धरली होती. तीस किलोमीटरनंतर तो पळायचा थांबला आणि चालू लागला. बूट, शर्ट, नंबर रस्त्याकडेच्या लोकांना देऊन टाकला. मॅरेथॉन अर्धवट सोडायची त्याची ती पहिलीच वेळ, वय ३९. मुली गप्प होत्या. एकीनं विचारलं, "आता त्याला वाईट वाटत असेल का?" मी म्हटलं, वाटत असणारच.

किपटमचं काय झालं?

८ ऑक्टोबर २०२३ ला शिकागोमध्ये केल्विन किपटमनं २ तास ३५ सेकंदांत किपचोगेचा विक्रम मोडला. तोही केनियाचाच, वय अवघं २३. चार महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०२४ ला, तो आणि त्याचे प्रशिक्षक मोटार अपघातात गेले. त्यानंतर समाजमाध्यमांवर काही लोकांनी किपचोगेवर घाणेरडे आरोप केले, कुटुंबाला धमक्या आल्या. आरोपांना काडीचा आधार नव्हता. मोबाईल हातात असलेल्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते.

उत्तेजकं घेत नाही कशावरून?

त्याची चाचणी कधी दोषी आलेली नाही. केनियातल्या बऱ्याच धावपटूंवर बंदी आलीय हेही खरं, म्हणून प्रश्न चुकीचा नाही.

आपल्याकडे असं कोणी झालं का?

त्याच्या तोडीचं नाही. पण नावं माहीत असायला हवीत. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि १९वे आले, २ तास ५० मिनिटांत. त्या काळी ना आजच्यासारखा सराव, ना आजच्यासारखी पेयं, ना आजच्यासारखे बूट. १९७६ ला माँट्रियलमध्ये शिवनाथ सिंग ११वे आले. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी दिलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून जास्त काळ भारताचा विक्रम म्हणून उभी राहिली. याचा अभिमान बाळगावा की वाईट वाटून घ्यावं, मला दोन्ही वाटतं.

आणखी एक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकल्या. त्याच हेलसिंकीत राजाराम कॉलेजचे विद्यार्थी राहिलेले खाशाबा जाधव कुस्तीत कांस्य जिंकत होते.

माझी मुलगी दहावीत आहे. छान पळते. मॅरेथॉनला घालू का?

आत्ता नाही. बहुतेक मोठ्या स्पर्धांत पूर्ण मॅरेथॉनला १८ वर्षांची अट असते, आणि ती योग्य आहे. किपचोगे पहिली मॅरेथॉन पळाला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याआधी दहा वर्षं त्यानं ५००० मीटर आणि क्रॉसकंट्री केली. मुलीला ८००, १५००, ३००० पळू दे. झोप पुरी होते का, पाळी नियमित आहे का, जेवते का, हे बघा. रक्त तपासा. आपल्या मुलींत हिमोग्लोबिन कमी असणं फार आढळतं आणि मग त्यांना आळशी म्हटलं जातं. बक्षिसाच्या रकमेसाठी दर रविवारी वेगळ्या गावच्या स्पर्धेत पळवू नका.

तो अजून पळतो का?

हो. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सहावा आला, २ तास ५ मिनिटांत, वय चाळीस. ऑगस्टमध्ये सिडनीला नववा. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदाच पळाला आणि सतरावा आला, २ तास १४ मिनिटं ३६ सेकंद. त्याच्या पूर्ण केलेल्या मॅरेथॉनमधली ही सगळ्यांत हळू. पुलांचा आणि चढांचा अवघड रस्ता. त्यानंतर त्यानं जाहीर केलं की आता सातही खंडांवर एकेक मॅरेथॉन पळणार, अंटार्क्टिकासुद्धा.

न्यूयॉर्कची शर्यत आम्ही रविवारी संध्याकाळी बघितली. तो पुढच्या घोळक्यातून सुटला तेव्हा कॅमेरा पुढच्यांबरोबर निघून गेला आणि नंतर बराच वेळ तो दिसलाच नाही. मुली थांबून होत्या. पहिले तिघे आले, हार-तुरे झाले, आणि मग बऱ्याच वेळानं निकालाच्या यादीत त्याचं नाव आलं. डेअरीला दूध घालून येणाऱ्या मुलीनं वही काढली आणि आपल्या त्या दिवसाच्या ५ किलोमीटरच्या खाली त्याची वेळ लिहून ठेवली.